क्लासला नेता येईल अशी शिलाई मशीन कोणती? लवकर सांगा

पऱ्हाटी
क्विल्टिंगच्या, म्हणजे तुकडे जोडून गोधडी शिवायच्या क्लासला नाव टाकलं. मॅडम म्हणाल्या, मशीन आपापली आणा. दुकानदार एक सांगतो, भाऊ दुसरीच सांगतो, डोकं फिरून गेलं आहे. सोमवारपासून क्लास सुरू. १२ हजारांपर्यंत जाईन. एकच नाव सांगा, भाषण नको.

सुईदोरा
नाव सांगते, पण ताई, तुम्ही काहीच लिहिलं नाही. क्लास गावातच की बाहेर? मशीन गाडीवर नेणार की एसटीने? घरी आधीची आहे का? क्लासात नुसते तुकडे जोडणार की तीन थरांची गोधडी मशीनवर टाचणार?

बाभूळबन
कायले नवी घेता बाप्पा! घरात कायी पायमशीन असनच. मांगच्या बिजागऱ्यायचे दोन स्क्रू ढिले करा, मुंडकं निघते. लाकडी पेटीवर बसवा, चाकाले हातमशीनचं हँडल लावा. ना मोटर, ना लाइट. माह्या मायनं तिच्यावरच साऱ्या घराच्या गोधड्या शिवल्या.

सुईदोरा
@बाभूळबन भाऊ, ते मुंडकं उचलून पाहिलं का कधी? बिडाचं असतं, १०-१२ किलो भरतं, वर पेटीचं वजन वेगळं. आणि हँडल फिरवण्यात उजवा हात गुंतला की कापड धरायला एकटा डावा. उशीच्या खोळीला चालतं. पण क्विल्टिंगमध्ये पाव इंचाची शिवण धरून पट्ट्या जोडायच्या असतात. एकेका शिवणीत दोऱ्याभर फरक पडत गेला की शेवटच्या पट्टीपर्यंत चौकोनांचे कोपरे जुळतच नाहीत, मग कितीही इस्त्री फिरवा.

बाभूळबन
आमच्या मायचे कोपरे जुयत होते.

कारंजा_लाड
ताई, पैसे कशाला घालवता? पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, एकूण १८ व्यवसाय. प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर. एका कुटुंबात एकालाच मिळतं, घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. सेतू केंद्रात जाऊन फॉर्म भरा.

पऱ्हाटी
योजना नको हो, सोमवारी मशीन हवी आहे!! क्लास यवतमाळला आहे, अजून कुठे असणार? मी दारव्ह्याकडच्या खेड्यातली. फाट्यापर्यंत पायी, पुढे एसटी. घरी सासूबाईंची काळी पायमशीन आहे, पण तिला हात लावलेला त्यांना खपत नाही. मुंडकं काढायचं तर नावच नको.

जुना_शिंपी
मशीन एकदाच घ्यावी आणि दणकट घ्यावी. जुकीची इंडस्ट्रियल बघा. जीन्सचे चार पदर लोण्यासारखे जातात. प्लास्टिकच्या फॅन्सी मशिनी म्हणजे खेळणी. माझ्याकडे एक रिपेअरला आली होती, आतला गिअरच प्लास्टिकचा, दात झडलेले.

सुईदोरा
काका, ती टेबलात बसवलेली असते, टेबलासकट. ताई फाट्यापर्यंत पायी जाणार आहेत.

मोतीबाग
आपली शकुंतला रेल्वे सुरू असती तर टेबलासकट नेली असती. दारव्ह्याहून थेट यवतमाळ. ज्या गाडीनं कापसाच्या गाठी वाहिल्या, तिला एक मशीन काय जड?

कारंजा_लाड
अहो, शकुंतला पोचेपर्यंत ताईंचा क्लास संपला असता. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मशीनला किती लावतात?

जुना_शिंपी
मशीन बाई नाही.

सुईदोरा
विषयावर या. ताई, रोज एसटीत चढउतार म्हणजे सहा किलोच्या वर जाऊ नका. उषा जनोमची ड्रीम स्टिच किंवा सिंगरची स्टार्ट, दोन्ही हलक्या आणि वर धरायला हँडल. टाके किती प्रकारचे आहेत ते मोजत बसू नका, क्विल्टिंगला ९० टक्के काम सरळ टाक्याचं. विचारायचं ते हे, की वॉकिंग फूट बसतो का? (फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय.) साध्या फूटखाली खालचे दाते तळाचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं आणि तीन थरांच्या गोधडीला शेवटी चुणी पडते. वॉकिंग फूट वरचं कापडही सोबत चालवतो. तो घेण्याआधी फूट ज्या दांडीला (शँकला) बसतो ती मोजा. फूट खाली टाकून सुईखालच्या पत्र्यापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत अर्धा-पाऊण इंच भरलं तर लो शँक. एक इंच किंवा जास्त भरलं तर हाय शँक, त्याचा फूट वेगळा.

पऱ्हाटी
हे कामाचं बोललात. पण घरी दुपारी लाइट नसते आणि मॅडम घरचा अभ्यासही देणार आहेत. मोटरची घेऊन फसणार तर नाही ना?

मोतीबाग
इन्व्हर्टर आहे का?

पऱ्हाटी
आहे. पंखे आणि टीव्ही त्याच्यावरच चालतात.

मोतीबाग
मग झालं. या मशिनींची मोटर साधारण १०० वॉटच्या आतली असते, पंख्यापेक्षा फार नाही. हे आधीच सांगायचं होतं.

पऱ्हाटी
इन्व्हर्टर तर सगळ्यांकडेच असतो. बरं, मॅडमला आताच फोन केला. आधी फक्त वरचा जोड शिवायचा, टाचणं हातानेच शिकवणार, मशीनवर टाचणं नंतर.

बाभूळबन
हातानंच टाचाचं त मंग मशीन कायले?

जुना_शिंपी
हातमशीन का नाही, हे आता तरी कोणी सांगा.

सुईदोरा
सांगितलं वर. ताई, हाताने टाचणार असाल तर वॉकिंग फूट आत्ता नका घेऊ, पाव इंचाचा फूट घ्या, त्याची कड धरून शिवण सरळ जाते. दुकानात रिकामी मशीन फिरवून परत येऊ नका. घरून सुती कापडाचे तुकडे आणि जुन्या चादरीची जाड घडी न्या. सुई १४ नंबरची लावायला सांगा, शिवा आणि उलटून बघा. खाली दोऱ्याची फासं लोंबत असतील तर वरचा दोरा काढून, फूट वर उचलून पुन्हा ओवायला लावा. तरीही लोंबली तर दुसरी मशीन दाखवा म्हणा.

पऱ्हाटी
शनिवारी यवतमाळला जाते, चादर घेऊन. पाव इंचाचा फूट दुकानात नाही मिळाला तर? तिथे कोणाकडे जुना पडला आहे का?

बाभूळबन
मायच्या डब्यात पाच-सहा हायेत, कोणता काय ते मले समजत नाही. फोटो टाकतो.