रोजावर काम करणाऱ्यांचा ओव्हरटाइम आणि रात्री बोलावल्यास मिळणारा मोबदला

प्रश्न : रोजंदार, कळवा (12 ऑगस्ट 2024)

परळमधील एका कार्यालयीन इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेवर मी एका कंत्राटदाराकडे तीन वर्षांपासून रोजावर काम करतो. रोज 800 रुपये, वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6, त्यात एक तास जेवणाची सुट्टी, आणि आठवड्याचे सहा दिवस काम. शिवाय आम्हा चौघांपैकी एकाने पाळीपाळीने रात्री फोन चालू ठेवून घरी तयार राहायचे असते.

गेल्या महिन्यात रात्री पावणेअकराला फोन आला की सर्व्हर रूमचा चिलर (खोली गार ठेवणारे यंत्र) बंद पडला आहे. मिळेल ती लोकल पकडून सव्वाबाराला पोहोचलो. कंडेन्सरच्या पाण्याच्या गाळणीत कचरा अडकून दाब वाढला होता. ती साफ करून यंत्र सुरळीत चालू होईपर्यंत पावणेतीन वाजले. परतीची लोकल नसल्याने पहाटेपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून काढली, आणि सकाळी 9 वाजता पुन्हा हजर झालो. या सगळ्याचे मला ‘चहापाणी’ म्हणून 200 रुपये देण्यात आले. सुपरवायझर सांगतात की ओव्हरटाइम पगारदारांना असतो, रोजावरच्यांना नसतो. आणि कामावर घेताना तशा कागदावर माझी सहीही घेतलेली आहे. उलट काम कमी असले की सकाळी 11 वाजता घरी पाठवून अर्धाच रोज लावतात. यात कायद्याने माझा हक्क काय आहे, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?

उत्तर : कामगार कायद्याचा सल्लागार, दादर

सुपरवायझरचे म्हणणे साफ चुकीचे आहे. 2024 मध्ये लागू असलेल्या किमान वेतन अधिनियम, 1948 च्या कलम 14 मध्ये ओव्हरटाइमचा हक्क ज्यांना दिला होता, त्यांत तासावर आणि रोजावर वेतन ठरलेल्यांचा स्पष्ट उल्लेख होता. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 च्या 2024 मधील तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत्या, आणि त्यांनुसारही दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडे काम घेतल्यास नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला द्यावा लागे, आणि असे जादा काम तीन महिन्यांत 125 तासांपेक्षा जास्त घेता येत नसे.

तुमच्या बाबतीत आठवड्याची मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. रोज 8 तास आणि सहा दिवस म्हणजे तुमचे 48 तास नेहमीच्या पाळीतच भरतात. त्यामुळे ज्या आठवड्यात खाडा नाही, त्या आठवड्यात रात्री केलेले प्रत्येक काम, मग ते एका तासाचे का असेना, ओव्हरटाइमच ठरते. खाडा झाला असेल तर मात्र त्या दिवसाचे 9 तास ओलांडले गेले का, ते पाहावे लागेल. 800 रुपयांना 8 ने भागल्यास तासाचा दर 100 रुपये येतो, दुप्पट 200. म्हणजे त्या रात्रीच्या अडीच तासांचे 500 रुपये होतात आणि तुम्हाला 300 रुपये कमी मिळाले आहेत. ही दुप्पट किमान वेतनाच्या दरावर धरायची, असे कंत्राटदार सांगू लागला तर ते मानू नका. नेहमीचा दर म्हणजे कामगाराला प्रत्यक्ष मिळणारा दर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच स्पष्ट केलेले आहे.

अर्ध्या रोजाचे उत्तर 2024 मध्ये लागू असलेल्या त्याच किमान वेतन अधिनियमाच्या कलम 15 मध्ये होते. तुम्ही हजर असताना मालकाने काम दिले नाही म्हणून तास कमी भरले, तर पूर्ण दिवसाचे वेतन देय असे. तुम्ही स्वतः काम नाकारले असेल तर गोष्ट वेगळी. सहीची भीतीही बाळगू नका. या अधिनियमाखालील हक्क कमी करणारा करार कलम 25 नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल असे.

उत्तर : लिफ्ट मेकॅनिक, मुलुंड

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु घरी बसून फोनची वाट पाहण्याच्या वेळेबद्दल प्रश्नकर्त्याने मोठी अपेक्षा ठेवू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या वेळेसाठी वेगळा भत्ता द्यावा, असे या दोन्ही अधिनियमांत लिहिलेले नाही. आमच्याकडे तो युनियनच्या करारातून मिळाला. मात्र तुम्हाला रात्रभर प्लांट रूममध्येच थांबायला सांगितले, तर ती हजेरी आहे, आणि झोप लागली तरी ते तास मोजलेच पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

पुरावा आजपासून जमवा. आमच्या मस्टरवर रात्रीचे काम चढतच नसे. मी खिशातल्या डायरीत फोनची वेळ, गेटवरच्या वहीतील नोंद आणि बिघाडाचे कारण लिहीत गेलो, आणि तीच डायरी अधिकाऱ्यांसमोर उपयोगी पडली.

उत्तर : कामगार कायद्याचा सल्लागार, दादर

मुदतीचे राहिले होते. किमान वेतन अधिनियमाच्या कलम 20 खालील अर्ज 2024 मध्ये रक्कम देय झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असे. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकत असे, पण त्यावर विसंबू नये. वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आधी सरकारी कामगार अधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, तेही मागा.

प्रश्नकर्ता, कळवा

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री मोबाइलमधील फोनच्या नोंदी आणि सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश एकत्र लावून पाहिले. मार्चपासून चौदा रात्री निघाल्या, एकूण 33 तास. त्यांतील दोन आठवड्यांत माझे खाडे आहेत, ते वेगळे काढले आहेत. माझ्याबरोबरचे दोघेही आपापल्या नोंदी लिहून काढत असून, गुरुवारी आम्ही तिघे एकत्रच कामगार भवनात जाणार आहोत.