मराठी वाचनाच्या अभ्यासासाठी निदान केंद्रातील एमआरआय यंत्र वापरता येईल का?

अक्षरवेल (ठाणे)
नमस्कार. मी मानसशास्त्रात एम. ए. करीत असून, देवनागरी आणि रोमन लिपी वाचताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार मागाहून होतो, या उलटापालटीची दखल मेंदू कशी घेतो, हे मला पाहायचे आहे. नवी मुंबईतील एका निदान केंद्राने रात्री दहानंतर 3 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्र देण्याची तयारी दाखवली आहे. रुग्णांसाठीचे यंत्र संशोधनाला चालते का, आणि आधी काय तयारी हवी?

निरीक्षक (खारघर)
यंत्र चालेल, खरी मेहनत प्रयोगाच्या मांडणीत आहे. हे यंत्र चेतापेशींचे काम थेट मोजत नाही, तर रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणातील बदल टिपते. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते आणि प्राणवायू घेतलेले नाही, हे लिनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्ये दाखवले. त्याच गुणधर्माचा उपयोग करून सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये या तंत्राचा पाया घातला. संकेतातील बदल जेमतेम एक-दोन टक्के असतो आणि शब्द दिसल्यावर पाच-सहा सेकंदांनी तो शिखर गाठतो. त्यामुळे पहिल्या प्रयोगात एकेका शब्दाच्या मागे लागू नका. वीस सेकंद देवनागरी शब्द, वीस सेकंद नुसती फुली, वीस सेकंद रोमन शब्द, असे आलटून पालटून दाखवा. वाचन मनातल्या मनात करायला सांगा, कारण जबडा हलला की डोकेही हलते, आणि दोन मिलिमीटरच्या हालचालीनेही मोजणी बिघडते.

केंद्राला विचारण्याचे प्रश्न वेगळेच आहेत. मेंदूच्या कार्याच्या प्रतिमा घेण्याची आज्ञावली त्या यंत्रावर आहे का? झोपलेल्या व्यक्तीला आरशातून पडदा दिसेल का? यंत्र सुरू झाल्याची खूण तुमच्या संगणकापर्यंत पोहोचेल का? ती पोहोचली नाही, तर कोणता शब्द कोणत्या प्रतिमेचा, हे नंतर जुळवता येत नाही.

विश्लेषणाबाबत एक उदाहरण अवश्य वाचा. अमेरिकेतील संशोधकांनी 2009 मध्ये मेलेला सॅल्मन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि हजारो ठिकाणी एकाच वेळी केलेल्या तुलनांत निव्वळ योगायोगाने येणारे खोटे निकाल गाळणारी दुरुस्ती न केल्यास त्या माशाच्या मेंदूचेही ‘काम’ चाललेले दिसते, हे सिद्ध केले. ती दुरुस्ती करणार असल्याचे प्रबंधाच्या आराखड्यातच लिहा.

तंत्रज्ञ (वाशी)
मी रोज हे यंत्र चालवते, म्हणून सुरक्षिततेचे सांगते. चुंबक रात्रीही बंद नसतो. तो द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंश सेल्सिअसला थंड ठेवलेला असतो, आणि 3 टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असते. पेसमेकर, डोळ्यात गेलेला धातूचा कण, जुन्या शस्त्रक्रियेतील क्लिप यांची चौकशी लेखी करा आणि दाराशी पुन्हा तोंडी करा. आमच्याकडे सर्वाधिक वेळा राहून जाते ती पदराची सेफ्टी पिन. ‘सगळे काढले’ असे मनापासून सांगणाऱ्या बायकांच्या खांद्यावर ती सापडते. मंगळसूत्र आणि जोडवी काढावी लागतील, हे बोलावतानाच सांगा. ऐन वेळी सांगितले तर काही जणी अवघडतात, आणि त्यांचा तो अवघडलेपणा मी पाहिलेला आहे. आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे कानात बोळे घालाच. शिवाय अडचण आल्यास इशारा देण्यासाठी हातात पिळण्याचा फुगा द्या आणि तो एकदा दाबून दाखवायला सांगा.

निरीक्षक (खारघर)
नैतिकता समितीची मान्यता मिळेपर्यंत एकही प्रतिमा घेऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत हवे. प्रतिमेत अचानक गाठ दिसली, तर कोण पाहणार आणि कोण कळवणार, हेही त्यात लिहा.

अक्षरवेल (ठाणे)
मनःपूर्वक आभार. संमतीपत्राचा मराठी मसुदा आजच सुरू करते. एक राहिले: सहभागींपैकी काही जणांना चष्म्याशिवाय अक्षरे दिसत नाहीत.

तंत्रज्ञ (वाशी)
धातूचा स्क्रूही नसलेली प्लास्टिकची चौकट मिळते. त्यात बसवण्यासाठी वेगवेगळ्या नंबरची भिंगे केंद्रात आहेत का, ते विचारा. नसतील तर अशा सहभागींना वगळणे बरे.