नौलीने मधुमेह जातो म्हणे!

पेठकरी: नौली म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची योगक्रिया. 'रोज 5 मिनिटं नौली करा, बद्धकोष्ठ, मधुमेह, पीसीओडी विसरा. यकृत-स्वादुपिंडाला आतून मालिश होते, विषं निघून जातात.' कालच्या या पोस्टीखाली नुसते नमस्कार पडलेत, म्हणून लिहितोय. मी स्वतः नौली करतो, तेव्हा योगद्वेष्टा म्हणायची घाई नको. श्वास पूर्ण सोडायचा, बाहेरच रोखायचा आणि आत न घेता बरगड्या उचलायच्या. छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर जातो, पोट पाठीला लागतं. मग मांड्यांवर हात दाबून मधले उभे स्नायू पुढे काढायचे. यात यकृताला चोळतंय कोण? ते पडद्याबरोबर वरखाली होतं, तसं जिना चढतानाही होतं. सकाळी पोट साफ व्हायला मला मदत होते. पण साखर मध्येच कुठून आली?

गवतीचहा: लोणावळ्याला जाऊन या. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. गुरूंच्या नावावरून त्या पोकळीला माधवदासांचं नाव दिलं. तुम्ही सोफ्यावर बसून जिना चढा.

पेठकरी: दाब कमी होतो, एवढंच मोजलं ना? बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुवायच्या क्रियेत, पाणी वर कसं ओढलं जातं ते त्यातून कळलं, छानच. त्यात मधुमेह कुठे आला? आणि हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट आहे : मेद-कफ जास्त असेल त्याने षट्कर्मं (नौली धरून सहा शुद्धिक्रिया) करावीत, दोष सम असतील त्याने करू नयेत. पोस्टीत मात्र 'सर्वांनी करा'!

आडगावची: एवढं शास्त्र कशाला? आमच्याकडे बेंबी सरकली की आजी पोटावर पेटती वात ठेवून वर पेला पालथा घालायची. कातडी आत ओढली जायची, जुलाब बंद. गोळ्यांनी थांबले नव्हते ते.

ओपीडी: बेंबी सरकत नाही हो. साधे जुलाब दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात, आणि पेला लावायची आठवण नेमकी तिसऱ्या दिवशी होते. चोळून चोळून आणलेलं, फुटायच्या बेतातलं अपेंडिक्स मी पाहिलंय. पोटावर पेल्याचा भाजलेला गोल वेगळाच.

आडगावची: झालं, आले डॉक्टर! तुमच्याकडे आधी सोनोग्राफी, मग 'नॉर्मल आहे', मग बिल. आजी बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत दोरीने मापायची. एक बाजू बोटभर कमी भरायची, चोळल्यावर सारखी. हे काय खोटं?

ओपीडी: दोरी जरा ताणली की भरतेच सारखी.

निवांतकाका: मूळ विषय नौली होता ना? एका शिबिरात मला पहिल्याच आठवड्यात नौलीला उभं केलं. अग्निसार (श्वास रोखून पोट आतबाहेर हलवणं) शिकवलं नाही, उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) धड जमत नव्हतं. बीपी विचारलं नाही, ऑपरेशन विचारलं नाही. माझं हर्नियाचं झालेलं. जांघेत अशी कळ आली की मटकन खालीच बसलो. शिकवणारा पोरगा म्हणाला, 'काका, विषं निघतायत.'

गवतीचहा: शिकवणारा गाढव, म्हणून क्रिया वाईट? हर्निया, अल्सर, बीपी, गरोदरपण असेल तर नौली नाही, हे आमचे गुरुजी आधी विचारतात. आणि माझ्या सासऱ्यांची साखर नौलीनेच उतरली, डोळ्यांदेखत.

पेठकरी: तेव्हा जिलबी चालू होती का?

गवतीचहा: बंद केली होती. संध्याकाळी चालायलाही लागले होते. बरं बाई, द्या साखरेचं श्रेय चपलांना! बद्धकोष्ठाचं तरी आमच्याकडे राहू द्याल?

पेठकरी: ठेवा. पण पोस्टीतून मधुमेह खोडा, कुणीतरी गोळ्या बंद करून बसेल.

गवतीचहा: पोस्ट माझी नाहीच. ज्याची आहे त्याला सांगा.

आडगावची: दोरीचं उत्तर राहिलं, डॉक्टर.

ओपीडी: एकाच पोटावर दोन आज्यांना मापू द्या, एकमेकींना न सांगता. कमी बाजू दोघींची एकच निघाली तर पुढची तपासणी फुकट.

आडगावची: फुकट तपासायला डॉक्टर बसलेत, लिहून ठेवा रे कुणीतरी.