मदत हवी आहे : छोट्या होडीवर कुठले सुटे भाग ठेवावेत?

नमस्कार मंडळी. मालवणात 22 फुटी फायबरची होडी आहे, 9.9 एचपी टू-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन). दोघेच जातो, किनाऱ्यापासून 8-10 किमी.

गेल्या आठवड्यात इंजिन तापून बंद पडलं. प्लग बदलला, फिल्टरमधलं पाणी काढलं, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब (पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा हातपंप) दाबून पाहिला. चालू झालं, पण थंड करणाऱ्या पाण्याची धार अगदी बारीक, आणि पुन्हा बंद. दुसऱ्या होडीने ओढून आणलं, त्यांचे उपकार. बंदरात उघडलं तर इम्पेलरची, म्हणजे थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चाकाची, पाती तुटलेली.

डब्यात सध्या 2 प्लग, प्लग पाना, पक्कड, 10-12-14चे पाने, स्टार्टरची दोरी आणि पंख्याच्या पिना आहेत. वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आहेतच. दुसरं इंजिन परवडणार नाही, खर्च 3 हजारांच्या आत हवा. ग्रीस लावून झाकणाच्या पिंपात ठेवले तरी पाने गंजतात, त्यावरही उपाय सांगा.

मुख्य प्रश्न असा : इम्पेलरसाठी इंजिनाचा खालचा भाग उतरवावा लागतो. हलत्या होडीत हे कुणी प्रत्यक्ष केलंय का? की तो दर हंगामाआधी बंदरातच बदलावा आणि डब्यात त्याऐवजी दुसरं काही ठेवावं, ठेवावं तर काय?