पहिलंच शिडाचं जहाज, आणि थेट हेलरची व्हिक्टरी?

डोलकाठी
काल एका नवख्याने विचारलं होतं, 'विमानं, रणगाडे बरेच झाले, आता शिडाचं युद्धजहाज करायचंय, कुठलं किट घेऊ?' त्यावर एका अनुभवी म्हणवणाऱ्याचं उत्तर: 'थेट हेलर कंपनीची १/१०० व्हिक्टरी घे, बाकी सगळी खेळणी आहेत.' (व्हिक्टरी म्हणजे नेल्सनचं तीन तोफा-डेकांचं ब्रिटिश युद्धजहाज, इथे शंभरपट लहान.) तिथेच लिहायला बसलो होतो, पण राग आवरेना आणि मजकूरही. म्हणून हा वेगळा धागा.

दोन हजारांवर तुकडे आहेत हो त्या खोक्यात. पण तुकड्यांचं सोडा, रणगाड्याचे ट्रॅक एकेक कडी जोडून करणाऱ्याला तुकडे नवे नाहीत. घोडं अडतं ते दोरांपाशी. खऱ्या व्हिक्टरीवर सुमारे २६ मैल दोर आणि ३७ शिडं. किटमध्ये त्यातलं थोडंच येतं, तरी प्रत्येक श्राउडखाली (डोलकाठीला बाजूने धरणारा दोर) डेडआयची, म्हणजे भोकं पाडलेल्या लाकडी चकत्यांची जोडी, वर आडव्या रॅटलाइन्स, म्हणजे चढायच्या दोऱ्या, आणि दर छेदाला क्लोव्ह हिचची एक गाठ. हल (जहाजाचं धड) रंगवून होईपर्यंत माणूस हवेत असतो. पहिल्या डोलकाठीच्या श्राउडवर ती गाठ शंभरदा मारली की जमिनीवर येतो, आणि जहाज कपाटावर जातं.

माझं म्हणणं, पहिलं जहाज नावावरून निवडू नका, दोरावरून निवडा. रेवेल कंपनीची १/९६ कॉन्स्टिट्यूशन, ती अमेरिकन फ्रिगेट, घ्या. दोर चिमट्यात धरता येतात, तोफांचा बंदिस्त डेक एकच, शिवाय १८१२ च्या लढायांमुळे नावही आहे. हात बसला की मग खुशाल तीन डेकी करा.

तीनडेकी
'अनुभवी म्हणवणारा' मीच. नाव घ्यायला जीभ अडखळली का?

फ्रिगेटलाही डोलकाठ्या तीनच असतात, साहेब. कॉन्स्टिट्यूशनचे श्राउड काय आपोआप बांधले जातात? डेक कमी झाले म्हणजे तोफा कमी झाल्या, दोर नाही. तुमच्याच निकषावर तुमची निवड नापास.

दुसरं, माणूस जीव जडलेलं जहाजच पूर्ण करतो. माझं पहिलं शिडाचं जहाज व्हिक्टरीच. झालं पूर्ण. आणि 'आधी छोटं करून हात बसवा' हा सल्ला देणाऱ्यांनी १/२२५ च्या छोट्या व्हिक्टरीच्या यार्डला (शिडाची आडवी काठी) एक ब्लॉक (दोराची कप्पी) बांधून दाखवावा. व्हिक्टरीचा गन डेक १८६ फुटांचा. १/१०० ला तो ५७ सेंटिमीटर होतो, १/२२५ ला २५. दोरही त्याच पटीत बारीक लागतो. बोटं आहेत तेवढीच राहतात.

डोलकाठी
तीन डोलकाठ्या दोन्हीकडे, मान्य. मोजता येतं तुम्हाला, अभिनंदन. पण हेलर रॅटलाइन्स विणायला साचा देऊन मोकळी होते, रेवेल त्या तयार देते. नवख्याला हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. आणि छोटं करा असं मी कुठे लिहिलंय? १/९६ हे १/१०० पेक्षा मोठं असतं, हेही मोजून पाहा.

भिंग
तयार रॅटलाइन्स म्हणजे प्लास्टिक चढवलेलं मासेमारीचं जाळं. ते लावण्यापेक्षा श्राउड नुसते सोडा.

स्केलच्या बाबतीत मात्र तीनडेकींशी सहमत, कारणं वेगळी. माझं वय झालंय. १/१८० ची एअरफिक्सवाली व्हिक्टरी उत्साहाने घेतली आणि फोरमास्टच्या (पुढच्या डोलकाठीच्या) टॉपपाशी, म्हणजे मचाणापाशी, येऊन थांबलो. दोरा मेणातून ओढायचा, म्हणजे त्याची लव बसते. मग चिमट्याने श्राउडमागून फिरवायचा, टोक पुढे काढायचं, आणि नेमकं तेव्हाच भिंगावर श्वासाची वाफ धरते. गाठ बसली म्हणून ओढली की शेजारची सैल झालेली असते.

दोघांनीही न लिहिलेलं एक सांगतो. प्लास्टिकची डोलकाठी ताण सोसत नाही. माझ्या एका मोठ्या किटमध्ये (कंपनी जाऊ दे) आधी फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारा दोर) ताणला, श्राउड नंतर. दुसऱ्या दिवशी डोलकाठी पुढे झुकलेली. आत पितळी सळई घालून पुन्हा उभी केली. आधी श्राउड आणि मग स्टे, हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं मला तरी दिसलेलं नाही.

सुकाणू
व्हिक्टरी व्हिक्टरी चाललंय, पण रंगवणार कोणता? कालच्या त्या 'व्हिक्टरी घे' उत्तराखाली फोटो टाकलाय त्यावर भगभगीत पिवळे पट्टे आहेत. २०१५ मध्ये रंगाच्या जुन्या थरांची तपासणी करून पोर्ट्समथला जहाज नव्याने रंगवलं, तेव्हा ट्रॅफल्गरच्या लढाईच्या (१८०५) वेळचा रंग फिकट, गुलाबीकडे झुकणारा निघाला. दहा वर्षं होऊन गेली. अजून पिवळं?

तीनडेकी
आले. फोटो माझाच आहे, आणि माझी व्हिक्टरी पिवळीच राहील. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती पिवळी पाहिली. गुलाबी युद्धजहाज बघून शत्रू हसून बुडाला असता.

सुकाणू
पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं ते १९२२ ला ड्राय डॉकमध्ये घेतल्यानंतरच्या दुरुस्तीचं जहाज. १८०५ चं नव्हे. तुम्ही नेमक्या कोणत्या सालची व्हिक्टरी केलीत, ते आधी ठरवा. १७६५ ला पाण्यात उतरली तेव्हाची? मग तळाला तांबं नको, ते १७८० ला ठोकलं. मागच्या गॅलऱ्या उघड्या हव्यात, त्या १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत बंद झाल्या. नाळेवरची भली मोठी मूर्तीही जुनी हवी, आताची राजचिन्हाची साधी आकृती तेव्हाच बसली. किट आहे ट्रॅफल्गरचं, तांबं लावलंत, आकृती नवी लावलीत आणि रंग विसाव्या शतकातला. एकाच जहाजावर दोन शतकं.

तीनडेकी
प्रयोगशाळा उघडा एक. बाजूचे एन्ट्री पोर्ट (जहाजात शिरायची दारं) ट्रॅफल्गरला होते की नव्हते यावरही मंडळी अजून भांडतात, ते बुजवून टाकू का उद्या? आम्ही छंद म्हणून करतो. तुमचं स्वतःचं पूर्ण झालेलं एक जहाज दाखवा, मग रंग शिकवा.

सुकाणू
पूर्ण झालेलं नाही म्हणून डोळे फुटलेत असं होत नाही. आणि हो, बंद पोर्टांची (तोफांच्या खिडक्यांची) झाकणं बाहेरून काळी, म्हणून तो चौकटीचा नमुना दिसायचा. फोटोत तुमची पट्ट्याच्याच रंगाची आहेत.

तीनडेकी
ती बदलतो. रंग बदलणार नाही.

पुट्टी
तुम्ही रंगावर भांडा, इथे हलच खोटे असतात! रेवेलची बीगल (डार्विन गेला ते जहाज) ही मुळात त्यांच्याच बाउंटीचा साचा फिरवून काढलेली आहे. बीगल १८२० ची, नौदलाने दहा तोफांसाठी बांधलेली ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज. बाउंटी म्हणजे नौदलाने १७८७ मध्ये विकत घेतलेलं व्यापारी जहाज. खोक्यावरचं चित्र बदललं की जहाज बदलतं का? हेलरच्या सोलेय रॉयाल या फ्रेंच युद्धजहाजाचंही तेच. मागची कोरीव बाजू बघून भुललात तर पाण्याखालचा हल बघा, आणि मग सांगा तो तरंगला असता का. मूळ जहाज १६९२ मध्ये शेरबूरला जळालं, त्यामुळे ताडून बघायला कोणी जाणार नाही ही खात्री.

माझ्या किटचे हलचे दोन अर्धे तर केळ्यासारखे वाकून आले होते. कंपनीला लिहिलं, उत्तर नाही. नाव घेत नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

डोलकाठी
बीगलचा इथे काय संबंध? मूळ प्रश्न नवख्याने पहिलं काय घ्यावं, हा आहे.

पुट्टी
संबंध असा की तुमची लाडकी कॉन्स्टिट्यूशन घेतलेल्यालाही वरचा डेक तीन तुकड्यांत मिळतो. मधल्या दोन भेगा पुट्टी लावून घासायच्या, आणि घासताना लाकडाची कोरीव रेघ पुसली जाते. ती पुन्हा कोरायची. हे लिहिलंत का तुमच्या सल्ल्यात?

डोलकाठी
नाही लिहिलं. भेग ग्रेटिंग (डेकवरची लाकडी जाळी) आणि बोटींखाली बरीचशी झाकता येते, हेही नाही लिहिलं. समाधान?

भिंग
प्रश्न विचारणारा रणगाडे रंगवणारा आहे, हे सगळे विसरले. त्याला वासा हे स्वीडिश युद्धजहाज द्या. १६२८ ला पहिल्याच सफरीत बुडाली आणि १९६१ ला वर काढली, त्यामुळे अंदाज कमी. शिडं फक्त दहा, जिब (पुढची त्रिकोणी शिडं) नाहीत, दोर व्हिक्टरीच्या मानाने खूपच कमी. उलट मागच्या बाजूला शेकडो कोरीव आकृत्या, म्हणजे ड्रायब्रश आणि वॉश (उठाव दाखवणाऱ्या रंगकामाच्या पद्धती) येणाऱ्याला मेजवानी. एअरफिक्सचं १/१४४ आहे, रेवेलचं १/१५०. स्केल माझ्या डोळ्यांना झेपणारी नाही, पण त्याचे डोळे तरुण आहेत.

तीनडेकी
वासा ठीक आहे. बुडालेलं जहाज पहिलं म्हणून देणं हा शकुन कोणता, ते सोडून.

डोलकाठी
दोर कमी म्हणून निवडा, हेच मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. धन्यवाद, तीनडेकी.

तीनडेकी
तुम्ही कॉन्स्टिट्यूशन लिहिलं होतं. वर जाऊन वाचा.

नवाखलाशी
काल विचारणारा मीच. वासा मागवली. किटमधली प्लास्टिकची फुगीर शिडं लावू की यार्ड मोकळे ठेवू?

भिंग
मोकळे ठेवा. ती शिडं जाड असतात, कडा तासल्या तरी उजेडात प्लास्टिकच दिसतं. आणि यार्ड खाली उतरवलेले दाखवा, शिडं नसली की ते वर राहत नाहीत. डोलकाठ्यांचं मी वर लिहिलंय, हलचे अर्धे जोडण्याआधी वाचा.

सुकाणू
आणि मागची बाजू निळी करू नका. जुन्या चित्रांत आणि जुन्या मॉडेल्सवर ती निळी असायची. लाकडावरचे रंगाचे कण तपासल्यावर पार्श्वभूमी लाल ठरली.

तीनडेकी
निळी सुंदर दिसते.