महाधमनी फाटल्यावर झडप गळते आहे: टीईईचा (घशातून नळी घालून करतात त्या इकोचा) अनुभव असणाऱ्यांकडून मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे मोठे काका, वय ६२, बीपी जुनंच. मागच्या पावसाळ्यात छातीतून थेट पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, चिरत गेल्यासारखी कळ आली. ईसीजीत फारसं काही नव्हतं. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं चाललं होतं, पण ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंना छातीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज) ऐकू आली, उजव्या-डाव्या हाताचं बीपीही वेगळं लागलं. त्यांनी आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. महाधमनीचं मूळ फुगलेलं, आत भिंतीचा सुटलेला पापुद्रा फडफडतोय आणि कलर डॉपलरमध्ये (इकोतच रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो त्यात) रक्त झडपेतून उलटं डाव्या कप्प्यात येतंय. ते इंजेक्शन गेलं असतं तर काका हाती लागले नसते. सीटी अँजिओत स्टॅनफर्ड टाइप ए, म्हणजे महाधमनीचा हृदयाजवळचाच भाग फाटलेला निघाला आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं.

सर्जन म्हणाले, दार चांगलं आहे, चौकट सुटली आहे. म्हणजे झडपेच्या पाकळ्या धड होत्या, पण त्या जिथे भिंतीला धरलेल्या असतात तिथलाच थर सुटल्यामुळे एक पाकळी खाली लोंबत होती. म्हणून झडप न बदलता पुन्हा वर टांगून शिवली आणि पुढच्या भागात डेक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी बसवली.

आता फॉलोअपच्या इकोत गळती 'मध्यम' आली आहे, व्हेना कॉन्ट्रॅक्टा (गळणाऱ्या धारेची सगळ्यात अरुंद जागची रुंदी) ४ मिमी. काकांना दम लागत नाही, पण डॉक्टर टीईई करू म्हणतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असते, त्यामुळे तिथून झडप स्वच्छ दिसते, हे समजलं. पण घशातून नळी म्हटल्यावर काका ऐकायलाच तयार नाहीत. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांनी कृपया सांगा: गुंगी कितपत देतात? उपाशीपोटी असताना बीपीच्या सकाळच्या गोळीचं काय केलं? नंतर घसा किती दिवस दुखतो?

दुसरं, दर वेळी त्याच सेंटरला इको करावा का? दोन रिपोर्टांत डाव्या कप्प्याची मापं वेगळी आहेत आणि कप्पा खरंच वाढतोय की मोजणाऱ्याचा फरक आहे, हेच कळत नाही. दुसरं ऑपरेशन लागेल का, हे बरंचसं त्या आकड्यांवर ठरणार, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

काकांच्या मुलांना आणि सख्ख्या भावंडांनाही इको करायला सांगितलंय. बाबा टाळाटाळ करताहेत. कुणाच्या घरी अशा तपासणीत काही सापडलं असेल तर जरूर लिहा, त्यांना वाचून दाखवीन.

औषधं डॉक्टरच ठरवतील, त्याबद्दल विचारत नाहीये. इको करणारे कुणी सदस्य असतील तर रिपोर्ट व्यक्तिगत निरोपातून पाठवते.