प्रायॉरिटी : वरीयता, प्राधान्य की अग्रक्रम?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहितोय. सरकार शाळांमध्ये स्पर्धा लावून पैसा वाटतं, म्हणजे 'स्पर्धात्मक अनुदान' देतं, तेव्हा झुकतं माप कुणाला हे कसं ठरतं, असा विषय. गाडी एका शब्दावर अडली आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नियमांत प्रायॉरिटीचे तीन प्रकार आहेत: ॲब्सोल्यूट, कॉम्पिटिटिव्ह प्रेफरन्स आणि इन्व्हिटेशनल. मी तिन्ही ठिकाणी 'वरीयता' लिहून मोकळा झालो. आई म्हणाली, "हे मराठी आहे का रे?" जन्म इंदूरचा, शाळा हिंदी. मला खरंच कळत नाही.

रामबागेतली मावशी : आई बरोबर आहे. 'वरीयता' आपल्या जिभेवर इथल्या सरकारी हिंदीतून बसली. संस्कृतात वरीयस् म्हणजे अधिक श्रेष्ठ. पंचांगातल्या सत्तावीस योगांत 'वरीयान' भेटतो, पण मराठी बोलण्यात नाही. 'प्राथमिकता'ही नको. शाळांच्या लेखात 'प्राथमिक' आधीच पहिली ते पाचवीने अडवून ठेवलाय.

मग 'अग्रक्रम' घालू का तिन्हीकडे?

जुना मुद्रितशोधक : घाई करू नका. अग्रक्रमात क्रम आहे, म्हणजे रांग. आधी हा, मग तो. प्राधान्यात वजन आहे. 'संगणकाचे ज्ञान असल्यास प्राधान्य' असं जाहिरातीत असतं. ज्ञान नसलं तरी अर्ज करता येतो. आता तुमचे तीन प्रकार अर्थाने काय आहेत ते सांगा, इंग्रजी नावं बाजूला ठेवून.

पहिल्यात बसलं नाही तर अर्ज बाद. दुसऱ्यात बसलं तर सहसा जास्तीचे गुण. तिसऱ्यात त्या विषयावर प्रस्ताव आले तर आवडतील म्हणतात, पण गुण शून्य. 'रेस टू द टॉप' या अमेरिकेच्या 2009 च्या शिक्षण योजनेत तिन्ही होते. एकूण 500 गुण, त्यातले 15 विज्ञान-गणितावर भर देण्याचे, तेही मिळाले तर सगळे, नाहीतर काही नाही.

जुना मुद्रितशोधक : म्हणजे पहिली प्रायॉरिटी नाहीच, ती अट आहे. 'अनिवार्य अट' लिहा. दुसरं खरं प्राधान्य: 'गुणाधारित प्राधान्य'. तिसऱ्याला काय म्हणावं?

रामबागेतली मावशी : लग्नपत्रिकेतलं 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'! न आलात तरी लग्न लागतंच. विनोद सोडून 'स्वागतार्ह विषय' चालेल.

जुना मुद्रितशोधक : छान. आता आपल्याकडचं बघा. केंद्र सरकारची 2022 ची, निवडक शाळा सुधारण्याची पीएम श्री योजना: साडेचौदा हजारांवर शाळा, निवड स्पर्धेने, एका विकासखंडात (ब्लॉकमध्ये) जास्तीत जास्त दोन. शहरी शाळेला किमान 70 टक्के गुण हवेत, ग्रामीण शाळेला 60. हे दहा टक्के म्हणजे काय?

ग्रामीण शाळांना प्राधान्य?

जुना मुद्रितशोधक : तसं वाटतं, पण गुण वाढवून दिलेले नाहीत, उंबरठा खाली घेतलाय. ती 'सवलत'. आणि 'एका विकासखंडात दोन' ही 'मर्यादा'. सरकारचा कल या दोन शब्दांतच जास्त दिसतो, प्राधान्य शब्द न वापरता. लेखात मला हे वाचायला आवडेल.

बडोद्याहून एक : सगळे प्रायॉरिटीवर बसलात, 'अनुदान' कुणी तपासलं नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला 'अनुदानित शाळा' म्हटलं की शिक्षकांचा पगार सरकार देतं ती शाळा दिसते. ते अटींवर मिळतं, जिंकायचं काही नाही. 1854 च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षण धोरणापासूनची ही वाट. मात्र त्याच जुन्या मुंबई इलाख्यात मुलांच्या परीक्षेचा निकाल बघून शाळांना पैसे देण्याचीही पद्धत होती, तेव्हा हा प्रकार अगदीच परका नाही.

'स्पर्धात्मक अनुदान' लिहिलं होतं, खोडतो. स्पर्धा शाळांची असते, अनुदानाची नाही. 'स्पर्धेतून मिळणारं अनुदान' ठेवलं. आईला वाचून दाखवलं. 'विकासखंड'वर पुन्हा थांबली आहे.

रामबागेतली मावशी : थांबू दे. तिथे तिला 'तालुका' हवा असेल, पण आपल्या मध्य प्रदेशात तहसील वेगळी नि विकासखंड वेगळा. तसाच ठेव.